पाइपातला वारा

झिरा वर, उंबराच्या मुळात.
खोली खाली, करवंदाच्या जाळीशी.
मधे तीनशे दहा फूट उतार
आणि एक उंचवटा, जो मी मोजलाच नव्हता.

एकतीस वर्षं सातपूरला व्हॉल्व तपासले.
तेच पाणी हौदातून पंपात, पंपातून व्हॉल्वात,
तेलाचा तवंग घेऊन पुन्हा हौदात.
काटा बघायचा, शिक्का मारायचा, पुढचा.
ते पाणी कधी कुणाच्या तोंडी गेलं नाही.

भद्रकालीतून काळ्या पाइपाचं वेटोळं घेतलं.
हरसूलच्या एसटीत कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.
घाट उतरल्यावर पायवाट;
दोनदा खांद्यावरून निसटून
ते आपलं आपण परत निघालं होतं.
टाकी रावजी भोयेनं नेली, उलटी, डोक्यावर.
लांबून वाटे, टाकीलाच पाय फुटलेत
आणि काहीबाही पुटपुटत ती डोंगर चढतेय.

इथे वीज नाही, म्हणून पंप नाही.
पाण्याला उतरता येतं, तेवढ्यावर भागवायचं.
पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरली,
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या,
"खाली घे", "अजून", "बास".
एक्केचाळीस फूट.
"सव्वा किलो दाब मिळेल," मी म्हणालो.
रावजी म्हणाला, "कुणाचा?"

तिसऱ्या दिवशी वरचा व्हॉल्व उघडून
धावत खाली आलो.
नळ खोकला.
दोन मातकट थेंब,
मग नुसता श्वास. तळहात धरला तर गार.
पुन्हा वर, पुन्हा खाली,
टेफ्लॉन, पाना, शिव्या.
वर पाणी पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबलेलं,
परक्या घराच्या उंबऱ्यावर थांबावं तसं.

हिरूबाई सरपण घेऊन उतरत होती.
भारा न उतरवता, नुसत्या तळपायानं
पाइप चाचपत गेली, उंचवट्यावर थांबली.
"हितं वारा बसलाय, भाऊ.
लेकराला पाजल्यावर खांद्यावर घेतात ना?
ढेकर काढ त्याची."

एअर लॉक.
हा शब्द मी नव्या पोरांना
फळ्यावर लिहून शिकवलाय.

खिळा तापवून भोक पाडलं.
बारीक, लांब शिट्टी.
पाड्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं,
आणि शिट्टी संपली तिथून
पाण्याची दोरी उडाली थेट माझ्या चष्म्यावर.
रावजीनं बाभळीची खुंटी ठोकली,
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी.

खाली घमेलं वाजत होतं.
करंगळीएवढी धार.
सवयीनं मी काटा शोधला.
हिरूबाईनं ओंजळ भरली, चूळ टाकली, मग प्यायली.
"प्लास्टिक लागतंय. जाईल."
निघताना, पाठमोरीच,
"वरचं समदं नको कोंडू.
आमची म्हस पाणी पिते तिथं.
रात्रीचं आणखी कोण कोण येतं."

सिमेंट पुरतं वाळलं नव्हतं.
छिन्नीनं काठाला अंगठाभर खाच पाडली.
धार जराशी बारीक झाली.
किती, ते मोजलं नाही.

आता काळोख. रावजी घरी गेलाय.
नळ मी स्वतः बंद केलाय, दोन हातांनी,
तरी घमेल्यात एक थेंब.
बऱ्याच वेळानं दुसरा.
कारखान्यात असता तर शिक्का नसता मिळाला.
नापास, मी मोठ्यानं म्हणालो,
आणि तिसऱ्याची वाट बघत कुशीवर वळलो.