सत्तेचाळीस

हाळीच्या बाजारात टॉवर बंद पडून तिसरा दिवस.
तंत्रनिकेतनातून आम्ही तेरा डबे आणलेत,
टेम्पोच्या आरशाला, बैलगाडीच्या साटीला,
एक मुख्तारच्या घोडीच्या खोगिराला बांधलाय.
नंबर वाटून देणारं कुणी नाही.
जो तो डबा मनानंच एक आकडा धरतो
आणि आसपास हाळी देतो:
सत्तेचाळीस कुणी हाय का?
थांबतो. पुन्हा विचारतो.
तिसऱ्यांदाही कुणी ओ दिली नाही
तर सत्तेचाळीस त्याचा.
गप्प राहणं हाच सातबारा.

दुपारी मुख्तारची घोडी ओढ्यापल्याड गेली.
तिकडं वेगळे डबे, त्यांची वेगळी विचारपूस.
सांजेला सगळे एकत्र आले
तर सत्तेचाळीस दोन.
म्हशीचा भाव कडब्याच्या व्यापाऱ्याला पोचला,
तो हसत बसला.
मग मागून आलेल्यानं आकडा सोडला.

चहावाली भामाबाई कप विसळता विसळता ऐकत होती.
"आसंच आस्तंय," म्हणाली.
"मी अनसूया. नांदायला आले
तं थोरल्या जावंचं नाव अनसूया.
मागून आलेलीनं सोडायचं."
कप उपडा घातला.
"पर तुमचा डबा इचारतो तरी, तीनदा."

अंधारात वायरी गुंडाळत होतो,
तेव्हा गावाच्या अंगानं कुणी हाक मारली:
अनसे, ए अनसे.
थोरलीलाच असणार.
भामाबाईचा हात
किटलीवर थांबला होता.