आज्ञार्थ

सातवी-ब ला मी आज्ञार्थ शिकवते.
फळ्यावर लिहिते: ऊठ. बस. कर. जा.
क्रियापदाचे सगळे कपडे उतरवले
की हुकूम उरतो, असं सांगते.
मुलं हसतात.

पाथर्डी फाट्याला उतरून जिना चढते,
आणि दाराशी, चपलांच्या शेजारी,
तोंडातले सगळे हुकूम काढून ठेवते.

घरात ऋतुज आहे, नऊ वर्षांचा.
"दात घास" म्हटलं की
ब्रश, आरसा, बेसिन, मी,
सगळेच त्याच्या अंगावर चालून येतात.
एकदा कपाटात बसला होता, अडीच तास,
एका मोज्यापायी.
मी बाहेरून दहापर्यंत मोजत होते.
मोजणं हीसुद्धा मागणीच,
हे फार उशिरा कळलं.

फ्रिजवरचा चांदण्यांचा तक्ता काढला,
चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत.
शाब्बासही बंद केलं.
परवा त्यानं आपणहून बूट घातले,
माझ्या तोंडून "वा!" निसटलं,
आणि बूट बाल्कनीतून थेट
क्षेमकल्याणींच्या तुळशीत.
"आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा," त्या म्हणाल्या.
मी हो म्हटलं,
माती झाडून बूट वर आणले.

आता मी भिंतीशी बोलते.
"द्राक्षं धुतलेली दिसतायत."
"गार आहे वाटतं बाहेर."
ब्रश तीन खोल्यांत तीन आहेत.
कधी एखादा ओला सापडतो.
मी त्याच्याकडे बघत नाही.
हे न बघणं बी.एड.ला नव्हतं.

अंघोळ जमेल तेव्हा. जेवण टेबलाखाली.
गृहपाठाचं त्याच्या बाईंना मीच, एक बाई, सांगून आले:
झालेला नाही, होणार नाही.

रोज जमतं असं नाही.
काल सकाळी रिक्षावाले सोनार काका खाली हॉर्न देत होते,
तिसऱ्या हॉर्नला मी ओरडलेच,
"चल!"

रिक्षा त्याच्याशिवाय गेली.
मी रजा टाकली.
दोघं बाल्कनीत बसून राहिलो, पाठीला पाठ न लावता,
समोर पांडवलेण्यांच्या डोंगरावर
ऊन पायरी पायरीनं चढत होतं,
त्याला कोणी चढ म्हटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं द्राक्षांची वाटी
फरशीवरून इंचभर माझ्याकडे सरकली.
वाटीकडेच बघत तो म्हणाला,
"खा."

मी एक खाल्लं.
आंबट होतं.
तसं काही बोलले नाही.