लांब रोटी

मे महिना. सत्तेचाळीस अंश.
तारामंडळाच्या मागच्या खोलीत कूलरचं पाणी संपलंय
आणि सोमवारपर्यंत लिहून द्यायचंय
सहा मिनिटांचं निवेदन:
एक तारा, एक कृष्णविवर,
शाळेतल्या पोरांना कळेल अशा मराठीत.

'तारा फाटतो', मी लिहितो. खोडतो.
फाटतं ते कापड.
'चिरडला जातो'. तेही नाही,
चिरडायला कुणीतरी वरून दाबावं लागतं.
इथे कुणी दाबत नाही.
जवळची बाजू जरा जास्त ओढली जाते,
लांबची जरा कमी.
तेवढ्या फरकानेच मोडतो तो.
त्यात राग नाही, दात नाहीत.

उजेड आत्ता पोचलाय, दोन महिने जळून विझतही आला.
निघाला तेव्हा
कामठीच्या खालचा कोळसा
अजून उभी झाडं होता.
आता तो कोराडीला जळतो
आणि त्या विजेवर माझा पंखा, कसाबसा.

दहा वाजता सायकल काढली, सक्करदरा.
पर्बता निनावेची चूल, चुलीवर पालथं मडकं,
मडक्याची पाठ तापून काळीशार.
परातीतून तिने गोळा उचलला,
पाण्याचे हात लावून इतका आपटलेला
की त्याला गोल राहायचं आठवत नव्हतं.
या पंजावरून त्या पंजावर,
मग कोपरापर्यंत,
खालचा काठ वरच्याची वाट न बघता निघालेला,
इतका पातळ की पलीकडची चूल दिसावी.
"हेच," मी म्हणालो, "हेच दोन दिवस लिहून रायलो मी."

सांगितलं तिला. तारा, विवर, ओढ.
"एवढा सूर्यासारखा, न् असा लोंबते?"
हो.
"मंग पुरा गिळते का त्याले?"
अर्धा. गोल गोल फिरत, तापत, आत.
तेव्हाच झळाळतं, म्हणून तर आपल्याला कळतं.
"न् बाकीचा अर्धा?"
सुटतो.
"कुठी जाते मंग तो?"

मडक्यावर रोटी फुगून आली, तिने घडी घातली.
मला आकडे माहीत होते. वेग माहीत होता.

तिच्या घरात खड्डामाग होता.
माग विकला. "खड्डा कोन घेते, बाप्पा?"
सासरा नंतरही वर्षभर
सकाळी त्यात पाय सोडून बसायचा,
हात चालायचे, इकडून तिकडे, धोटा नसताना.
थोरला भिवंडीला गेला, धाकटा त्याच खोलीत निजतो,
खड्ड्याच्या काठाकाठाने अंथरूण टाकून.
आता तिथे कांदे ठेवते ती, वर फळी.
हे तिने ताऱ्यावरून सांगितलं नाही.
मी कांदा मागितला, म्हणून निघालं.

फार मोठ्या विवरांचं वेगळं असतं.
तिथे तारा अख्खा जातो,
मोडायच्या आधीच काठ ओलांडून,
बाहेर कवडसाही येत नाही.
आम्हाला दिसतात ती मध्यम भुकेची.
हे वाक्य निवेदनात नको, साहेब म्हणाले, मुलं घाबरतील.
'लांब रोटी'ही त्यांनी काढली, 'शेवया' घातल्या,
बाहेरगावच्या सहली येतात म्हणून.

सोमवार. ध्वनिमुद्रण.
'अर्धा तारा आत पडतो.
आणि उरलेला अर्धा'
इथे मी थांबलो. चार सेकंद, पाच.
काचेपलीकडून मुकुंदा हात हलवत होता,
हेडफोन काढून: "आवाज गेला का, सर?"
नाही, म्हटलं.
राहू दे तेवढं. पुढचं पान घे.