पट्टी धरणारी

हार्कनसीलच्या चर्चमध्ये माझं काम एवढंच:
पट्टी दाबून धरायची
आणि आत, नळ्यांच्या रानातून, एलर्ट ओरडला 'पुढचा',
की पुढची.
वर्षातून दोनदा, चव्वेचाळीस वर्षं.
वाजवता मला येत नाही.
पण या ऑर्गनचा प्रत्येक सूर मी वाजवलाय,
सुटासुटा.

बांधापलीकडे समुद्र. वारा इथे फुकट,
इतका की चर्चकडे येताना सायकल हातात धरून चालावं लागतं.
आतला वारा मात्र घामाचा होता.
भात्यावर पोरं उभी राहायची, एक पाय, मग दुसरा,
रविवारचे चार फेनिग.
भात्याच्या खोलीतल्या फळीवर त्यांची पेन्सिल:
'टार्क, १८८३, बोटं गारठली.'
'ओको. नाताळ. पास्टर थांबतच नाहीत.'
'हिंडर्क', नुसतंच,
आणि खाली एक मासा.

सतरा साली शिपाई शिडी घेऊन आले.
दर्शनी रांगेतल्या कथलाच्या नळ्या काढल्या, तोलल्या,
पावती दिली.
पावती अजून कपाटात आहे: नळ्या सदतीस, युद्धकार्यासाठी.
कित्येक वर्षं ऑर्गन बोळक्या तोंडानं गात होता.
मग जस्ताची कवळी आली, वरून चंदेरी रंग.
मग विजेची मोटर; पोरं सुटली.
मग हीटर; माणसं उबेला आली
आणि लाकूड तडकलं.

फोल्कर्टच्या शवपेटीपाशी 'आमेन' झालं
तरी एक सूर थांबेचना.
पट्टी सोडलेली, वादक हात वर करून बसलेला,
सूर आपला चालूच.
फोल्कर्टची बायको म्हणाली,
'शेवटचा शब्द त्याला कधी सोडवलाच नाही.'
आम्ही हसलो, आणि तेव्हाच कळलं
की हा आता दुरुस्तीपलीकडे गेला.

एलर्टलाही कळलं असावं.
शेवटी शेवटी त्याला वरचे सूर ऐकू येत नसत.
'लागला का?' आतून विचारायचा.
मी म्हणायचे, 'लागला.'
कधीकधी खरंच लागलेला असायचा.

समितीत वर्षभर भांडण: डागडुजी, की स्पीकरवालं यंत्र, की काहीच नको.
तेवढ्यात कळलं, इंग्लंडात उत्तरेला
गिरणीच्या गावातलं एक प्रार्थनाघर विकलं गेलंय, आत फ्लॅट होणार.
ऑर्गन फुकट.
उचलून न्यायचा खर्च तुमचा.

जुना उतरवला तेव्हा नळ्या बाकांवर मांडल्या,
लहान, मोठ्या, काही एकमेकींना टेकून.
इतकी भरलेली बाकं मी नाताळातही पाहिली नव्हती.
फळी तेवढी सुताराने कापून ठेवली,
घंटेच्या जिन्याखाली आहे, फरशी पुसायच्या बादलीमागे.
एलर्ट त्याच हिवाळ्यात गेला. चर्चमध्ये ऑर्गन नव्हता.
नुसतेच गायलो, प्रत्येक जण वेगळ्या पट्टीत.

नव्याची, म्हणजे इंग्रज जुन्याची, जुळणी करायला युस्टिना आली,
पोलंडची, तिशीतली.
मी सवयीनं कोट काढला, बाकड्यावर बसले.
तिनं पट्ट्यांवर एक लांबट यंत्र ठेवलं.
'हे दाबतं. फोनवरून.'
मग माझा चेहरा पाहिला असावा.
'आत यायचंय?'

चव्वेचाळीस वर्षांत मी कधी आत गेले नव्हते.
आडवं व्हावं लागतं, मग वाकावं लागतं.
मेंढीच्या कातड्याचा, सरसाचा वास,
परक्या गावच्या कोळशाची काजळी.
टॉर्चच्या उजेडात, भात्याशेजारी, पेन्सिल.
युस्टिनानं वाचून अर्थ सांगितला:
'ईनक. आज प्रवचन बावन्न मिनिटं. १९११.'

ओकोला हे सांगायला हवं होतं.

एक सूर वाजला. बाहेरून कधी जाणवलं नव्हतं,
तो आधी गुडघ्यांत येतो.
तिनं तारेला हलकंसं टोचलं, सूर थरथरला, सरळ झाला.
'लागला,' मी म्हणाले. खरंच लागला होता.
आणि मग, कुणाला तरी ऐकू जावं म्हणून
जरा मोठ्यानं, 'पुढचा.'

यंत्रानं, माझं काही न ऐकता,
पुढचा दाबला.