बारा महिने पलंगाखाली

स्वयंपाकघरात फळी हवी होती. एकच.
साडेतीन फूट, डाळींच्या डब्यांसाठी.
मीच ठोकणार, असं जाहीर केलं
तेव्हा यादवराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
"वाढयाले बोलाव ना, काऊन हात तोडून घेतं वं?"

लकडगंजात गेले. उन्हानं डांबर मऊ,
दुकानांपुढे ओंडके,
गाडी चुकलेली माणसं फलाटावर झोपतात तसे.
मावजीभाईंनी एक फळी उभी केली,
गाईला थोपटतात तशी थोपटली.
"सागवान. पॉलिश मारा, आरसा."
कुठलं?
"एक नंबर."
तसं नाही, कोणत्या रानातलं?

त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला.
"ताई, चंद्रपूरचं म्हणाल तर भाव वेगळा,
घानाचं म्हणाल तर वेगळा, ते जहाजानं येतं.
लाकूड बोलत नाही. कागद बोलतो.
आणि कागद कुठून आला, ते मी नाही विचारत."
खरं बोलणारा माणूस. चहा पाजला त्यांनी.
शेजारी प्लायवूड हुंगून पाहिलं,
डोळ्यांना पाणी आलं.

रिकाम्या हातानं परतले.
तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या मी.
चिठ्ठी नसलेली बाटली उघडायची नाही,
एवढं एकच शास्त्र मला येतं.

मग एका संध्याकाळी वादळ आलं
आणि मानेवाड्यातल्या आमच्या गल्लीचा कडुनिंब
खोब्रागडेंच्या स्कूटरवर आडवा झाला.
सिमेंटचा रस्ता त्याच्या गळ्यापर्यंत आलेला,
वीतभर आळंसुद्धा सोडलं नव्हतं.
मुळं जागच्या जागी गोल गोल फिरलेली,
कुंडीतल्या रोपाची असतात तशी.
इतकी वर्षं त्याच्या सावलीत भाजी घेतली,
खाली कधी पाहिलं नाही.

महापालिकेची माणसं करवत घेऊन आली.
एक ओंडका राहू द्या, म्हटलं.
"सरपणाले?"
फळीले.
हसली सगळी. पण चिठ्ठी दिली, शिक्का मारून:
उद्यान विभाग, कडुनिंब, नग एक.

आरामशीनवर जब्बारभाईंनी ओंडक्यावरून हात फिरवला,
खिळे शोधले. तीन निघाले,
एकाला शिकवणीच्या जाहिरातीची तार अजून लोंबत होती.
"ओला आहे. चिरून देतो,
पण आज लावाल तर उद्या वाकेल.
उन्हात नका ठेवू, फुटेल.
मधे काड्या घाला, हवा खेळू द्या."
किती दिवस?
"दिवस? इंचाला एक वर्ष."

तर बारा महिने पलंगाखाली
चार फळ्या, मधे आइस्क्रीमच्या काड्या.
वर आम्ही दोघं.
घरभर कडवट वास, कूलरच्या हवेतसुद्धा.
डाळी ओट्यावरच.
दिल्लीहून नातू विचारायचा,
"आजी, तुझं लाकूड वाळलं का?"
जणू मी पापडच घातलेत.
यादवराव म्हणाले,
"एवढ्यात तर नवं झाड उगवलं असतं."
नाही उगवलं. तो खड्डा त्याच आठवड्यात बुजला,
त्यावर आता खोब्रागडेंची नवी स्कूटर असते.

भाड्याचं ड्रिल आणलं, तासाला पन्नास रुपये.
पहिलं भोक चुकलं. दुसरं चुकलं.
तिसऱ्याच्या वेळी यादवराव स्टूल धरायला आले,
कुणी बोलावलं नसताना.

लागली फळी. डाव्या टोकाला थोडा बाक आहे,
वर्षभर थांबूनही लाकडानं
आपलं म्हणणं सोडलं नाही.
डाळीला टोके लागू नयेत म्हणून
आई डब्यात निंबाचा पाला घालायची,
मी डबेच निंबावर ठेवले.

तुरीचा डबा डुगडुगतो.
काल सकाळी यादवरावांनी पेपर वाचून संपवला,
त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली,
आणि डब्याखाली सरकवली.