दोन वाड्यांमधलं रान

थर्मासात बर्फ, बर्फात लसीची बाटली.
कणकुंबीला बस सोडायची आणि चालायचं,
एकोणीस वर्षं हेच.
विठी येडगेचा वाडा: सात घरं, चाळीसेक कोंबड्या.
पुढचा बिरू लांबोरचा,
मध्ये दीड तासाचं रान, एक ओढा, गवे.

एका साली मानमोडी आली ती खवळूनच.
तीन दिवसांत सगळ्या माना वळल्या.
चौथ्या दिवशी विठीच्या अंगणात
पिसं, आणि मुंग्या.
रोग तिथेच कुठेतरी असणार,
पालथ्या डालग्याखाली,
ओढा ओलांडायला एक पाय उरला नव्हता त्याला.
घर खाल्लं आणि उपाशी मेला.

दुसरी एक होती, पडशासारखी.
कोंबडी शिंकायची, अंडं चुकवायची,
पण चालायची.
कुणाच्या बारशाला काखेतून निघायची,
आणि तिच्याबरोबर ती,
गुपचूप, बिरूच्या दारात.
रानाने तिला काही शिकवलं नव्हतं.
घाईच्या होत्या त्या मागे राहिल्या, एवढंच.

माझ्या बाटलीतही तिचीच बहीण, निवळलेली.
विठीला सांगितलं तर म्हणाली,
‘म्हंजे रोगच पाजतासा व्हय, डाक्टर?’
होय, म्हटलं. पाजतो.

आता जांबोटीच्या रस्त्याला शेड आहे.
बारा हजार पांढरी पिल्लं, अंगाला अंग.
रात्री क्रेट चोर्ला घाट उतरतात,
पहाटे तेच, न धुता, हुक्केरीला.
इथे रोगाने कुणाला जपावं कशाला?
एक पडली तर पुढची
तिला टेकूनच उभी आहे.
इरण्णा कन्नडमध्ये मोजतो, मी मराठीत.
नऊशेनंतर दोघंही थांबतो.

विठीच्या वाड्याकडे खडी पडली आहे.
नको कसं म्हणू?
गेल्या पावसात तिच्या सुनेला
खाटेवरून नेलं चौघांनी, ओढ्याला पाणी होतं,
आणि खाट परत आली ती रिकामी.
माझेही गुडघे बोलतात.
वाटेत थांबून मी ती खडी बघतो,
पायाने एक दगड सरकवतो, परत ठेवतो.

‘बिरूकडं जातासाच, तर ही तेवढी न्या.’
तांबडी तलंग, पाय सुतळीने बांधलेले.
डोळे बघितले. छातीला कान लावला.
मग काखेत धरून
ओढ्यापर्यंत तिचा श्वास ऐकत गेलो.
ओढ्यात मध्यावर
ती एकदा शिंकली.