ओ

रिजायना. बाहेर उणे एकतीस.
धान्य सहकारी संघाच्या तळघरात
डोरीन ह्रिन्चुक, बोटं कापलेले हातमोजे घालून,
मेनफ्रेमची जोडणी तपासतेय.

एस्टेव्हनच्या वजनकाट्यावरचा संगणक
काल दुपारपासून हाक मारतोय,
इथलं धूड ओ देत नाही.

नाव आठ अक्षरांच्या आत,
सुरुवातीला आकडा चालत नाही,
दोन्ही टोकांना तेच नाव, बोलायची तीच रीत.
एवढंच तर असतं.
आणि एवढ्यात रात्र जाते.

पावणेचारला सापडतं :
तिकडे शून्य लिहिलंय, इकडे ओ.
"शून्याने हाक मारली तर
ओ कोण देणार," ती स्वतःशीच.

त्याच यादीत, खाली,
ऑरेस्टने चाचणीसाठी घातलेली ओळ.
नाव त्याच्या कुत्रीचं : बुब्लिक.
पलीकडे यंत्र नाही, तारही नाही.
स्थिती : प्रतीक्षेत. अकरा वर्षं.
ऑरेस्ट मार्चमध्ये गेला.
कर्सर त्या ओळीवर जरा थांबतो,
मग वर सरकतो.

शून्य खोडून ओ.
एस्टेव्हनहून अडकलेला आकडा येतो :
गहू, बेचाळीस टन,
ओलावा चौदा पूर्णांक दोन.